सात नंबरचं मडकं

दादा,

शनिवारी, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तुझ्या पुढच्या खोलीत सगळा हिशेब मांडला. एकूण खर्च एकतीस हजार चारशे रुपये. लाकडं, नदीवरचा विधी, मंडप, किराणा, आचारी, दक्षिणा, सगळं धरून. हजर तिघं: वहिनी, रोहण्याहून आलेली आत्याबाई आणि मी. हिशेब जुळला. वहिनींनी ऐकून घेतला. आत्याबाई म्हणाली, "आचाऱ्याले दोनशे जास्त देल्ले तू." मी म्हटलं, दिले. तू असतास तर पाचशे जास्त दिले असतेस आणि वर त्याचं गाव कोणतं, गावाजवळ जुन्या वस्तीच्या पांढरीचं टेकाड आहे का, तिथं नांगरताना खापरं वर येतात का, हे विचारत त्याचा स्वयंपाक करपवला असतास.

तेवढ्यात फाटक वाजलं. प्रशांत आला. तुझा विद्यार्थी, आता तुझ्याच खुर्चीवर बसून इतिहास शिकवणारा. आदल्या दिवशी तेरवीला तो पंगतीत वाढत होता, तेव्हा काही बोलला नव्हता. आज चपला काढून दारातच उभा राहिला.

"काका, आज याले नको होतं मी," तो म्हणाला. "पण सोमवारी कॉलेजात सामानाच्या मोजणीची समिती बसून राह्यली. सरांकडची मडकी मले आजच न्या लागतील."

"ने ना," मी म्हटलं. "कपाटात आहेत. नऊ."

मी कपाट उघडलं. वरचे दोन खण पुस्तकांचे, जसेच्या तसे. खालचे दोन रिकामे. अंथरलेल्या वर्तमानपत्रावर मडक्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे होते.

"काय पाह्यतं रे गजू?" आत्याबाईनं मागून विचारलं.

"इथली मडकी?"

"टाकली."

"टाकली म्हणजे?"

"टाकली म्हंजे टाकली. दहाव्याले घर धुतलं नाई का आमी? तुमी मानसं नदीवर गेलते. घरातली सारी मडकी काढली. पान्याचा माठ, लोनच्याचं गाडगं, अन् ते कपाटातली. मेल्या घरात मडकं ठेवते का कोनी?"

प्रशांत खुर्चीवर बसला. वहिनी उठून आत गेल्या.

दादा, तुझ्या मडक्यांबद्दल कॉलेजात काय बोललं जात होतं ते तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तू मला सांगितलं नाहीस आणि मी तुला विचारलं नाही. तुझ्या त्या जुन्या सहकाऱ्यानं स्टाफरूममध्ये दोन वर्षं चालवलं होतं की निवृत्त माणूस कॉलेजची पुरातन मडकी घरी ठेवतो ते उगाच नाही, शहरात अशा वस्तूंना गिऱ्हाईक असतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सोमवारच्या समितीत तेच बसणार होते.

"काका," प्रशांत म्हणाला, "मडकी दिसली नाई तं ते एकच वाक्य बोलतील. सरांनी इकली. अन् सर आता सांगाले नाईत."

तुझं घर पैशापेक्षा तुझ्या नावावर जास्त उभं होतं. जमीन तू माझ्या नावे करून दिलीस, पेन्शन बेताची, पुस्तक पूर्ण झालं नाही. मागे उरलं ते एवढंच की हा माणूस सापडलेली वस्तू जिथली तिथे लिहितो आणि एक खापरसुद्धा खिशात घालत नाही. तेही आता जाणार होतं, आणि तू गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत.

ती मडकी घरी कशी आली ते मी पाहिलं होतं. प्राचीन इतिहासाला पोरं मिळेनात. शेवटच्या वर्षी तुझ्या वर्गात तीन होती, त्यातलं एक प्रशांत. मग विषय बंद झाला, तुझ्या विभागाच्या खोलीत संगणक आले आणि मडकी व्हरांड्यात क्रिकेटच्या मॅटिंगशेजारी जाऊन बसली. एकाच्या काठाचा टवका चेंडूनं उडाला, त्या दिवशी तू ती ऑटोत मांडीवर घेऊन तीन खेपांत घरी आणलीस. तेव्हाच्या प्राचार्यांनी तोंडी हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, "लेखी घे. पोच घे. माणूस उद्या निवृत्त होईल."

तू म्हणालास, "मुनीमजी, अडीच हजार वर्षं यांची कोणी पावती मागितली नाही."

मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो म्हणून तू मला मुनीमजी म्हणायचास. मी विचारलं, अडीच हजार म्हणजे कमीजास्त किती? तू म्हणालास, दोनशे इकडं, दोनशे तिकडं. मी म्हटलं, चारशे वर्षांचा फरक ज्या धंद्यात चालतो तिथं पावती कोण मागणार! तू इतका हसलास की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. पण पावती घेतली नाहीस. हे भांडण आपण अकरा वर्षं केलं. आणि ते प्राचार्य खरंच निवृत्त झाले.

आज मला ते भांडण जिंकल्याचा काही आनंद नाही.

ती मडकी निघाली तो रविवार मला नीट आठवतो. जाम गावाच्या पुढे रस्ता रुंद करताना यंत्रानं मोठ्या दगडांचं एक वर्तुळ अर्धं उकललं होतं. गावकरी त्याला गवळ्यांचा गोठा म्हणत, तू म्हणालास जुन्या काळचं दफन आहे. तू परवानगीसाठी धावपळ केलीस, दोन दिवसांची मुदत मिळाली, आणि तू मला फोन केलास, "टेप घेऊन येजो, माझ्या पोरांना टेप सरळ धरता येत नाही." मी मोटारसायकलवर आलो. व्यास तू नजरेनं अठरा मीटर सांगितलास. माझ्या टेपवर सतरा मीटर चाळीस भरला. आपण उन्हात उभे राहून वाद घातला, परत मोजलं, परत सतरा चाळीस. पुढे तुझा लेख आला त्यात सतरा पूर्णांक चार होतं, आणि शेवटी, मोजमाप, म्हणून माझं नाव. माझं नाव आयुष्यात छापून आलं ते तेवढंच. तो अंक माझ्या कपाटात आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी असं दाखवायचो की तुझ्याबरोबर येणं म्हणजे माझा रविवार वाया घालवणं. तसं नव्हतं. आठवडाभर कापसाच्या गाठींचे आकडे लिहिणाऱ्या माणसाला कुणी दगडांचं वर्तुळ मोजायला बोलावतं, याची मी वाट बघायचो.

लोखंडी वस्तू पुरातत्त्व खात्यानं नेल्या. फुटकी मडकी तुझ्या विभागाच्या वाट्याला आली. तू आणि पोरांनी ती महिनाभर बसून चिकटवली. आतून काळी, काठाशी काळी, खाली लाल. बुडाला पांढऱ्या शाईनं तुझ्या अक्षरात आकडे, एक ते नऊ. सात नंबरचं तेवढं जमिनीतून सबंध निघालं होतं. त्याला कुठेच चिकटवायला लागलं नाही.

तुझा वाद मात्र त्या रविवारी रात्रीच सुरू झाला होता. जामच्या टपरीवर चहा पिताना तू तिथला पाण्याचा रांजण वाकवून त्याचं बूड बघितलंस, टपरीवाला म्हणाला, "काय गळते का सायेब?" आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, "त्या मडक्यांच्या बुडाला काजळी आहे, गजा. ती चुलीवरची आहेत. वापरातली." सगळे विद्वान म्हणतात की मेलेल्याला पुढच्या प्रवासासाठी अन्नपाणी म्हणून ती पुरली. तू म्हणायला लागलास की तसं नसावं. घरात मृत्यू झाला की त्या घरची मडकी वापरायची नाहीत, म्हणून ती माणसाबरोबर बाहेर काढली असावीत.

हे तुला कुठून सुचलं ते मला माहीत होतं. आई गेली तेव्हा तू कॉलेजात शिकत होतास, मी पाचवीत होतो. आत्याबाईनं घरातलं एकेक मडकं काढून गावाच्या शिवेवर नेऊन फोडलं, आईनं घातलेलं लोणचं होतं त्या गाडग्यासकट. तू ते गाडगं मागत होतास. आत्याबाईनं दिलं नाही. पुढे प्राध्यापक झाल्यावर तू रोहण्याला जाऊन आत्याबाईला समोर बसवलंस आणि विचारलंस, आईच्या वेळी कोणती कोणती मडकी टाकली, आधी कोणतं, मग कोणतं. ती म्हणाली, "वसंत्या, तुले पगार याचा भेटते का रे?"

या मतावर लिहिलेला तुझा लेख न छापता परत आला. मत असं होतं की लेखक आपल्या गावची चाल अडीच हजार वर्षं मागे नेऊन ठेवतो आहे. तू दोन दिवस जेवला नाहीस. आणि मी, तुझा भाऊ, मीही त्यांच्याच बाजूनं बोललो. मी म्हटलं, "दादा, विटाळ म्हणून टाकायचं असेल तर माणूस फेकतो. तुझी मडकी मांडलेली होती. तोंड वर, ओळीनं, एकावर झाकणी. विटाळाची वस्तू कोण इतकी मांडून ठेवतो?" तू म्हणालास, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचार करतो."

तू विचार करत राहिलास. पुस्तकाचं ते प्रकरण तिथेच थांबलं. कधी कधी वाटतं की मी तो प्रश्न विचारायला नको होता. पण प्रश्न बरोबर होता, दादा. चुकीचा असता तर तू मला दोन मिनिटांत गप्प केलं असतंस.

शनिवारी तीन वाजता आम्ही नाल्यावर गेलो. बोरगाव मेघ्यातल्या आपल्या ले-आउटमधल्या वस्तीच्या मागे, जिथे लोक घर पाडल्याचा मलबा टाकतात तिथे. जागा दाखवायला आत्याबाई काठी टेकत आली. शेजारच्या दोन बायांनी टोपल्यांत नेऊन काठावरून मडकी खाली सोडली होती. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कुठे पडली ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

प्रशांत आणि मी खाली उतरलो.

"हात नको लावजो रे," आत्याबाई वरून ओरडली. "सुतकातलं हाय ते."

"सुतक फिटलं, आत्याबाई."

"तुमचं फिटलं. मडक्याचं कधी फिटते?"

विटांचे तुकडे, फरशा, सिमेंटच्या गोण्या, आणि त्यात खापरं. तुझ्या घरचा लाल माठ होता, लोणच्याचं गाडगं होतं, आणि इतरांच्या घरचीही होती, कारण मरण काही तुझ्याच घरी आलेलं नाही. पण तुझी ओळखायला वेळ लागत नव्हता. आतली बाजू काळी कुळकुळीत. आणि जिथे तू जोडली होतीस, तिथेच ती परत सुटली होती. फुटलेल्या कडांवर तुझ्या डिंकाची पिवळी रेघ होती. मला ठरवता आलं नाही की मला रडू येतं आहे की तुझा राग येतो आहे; इतकं बारीक काम करून शेवटी ते या मलब्यात.

प्रशांतनं सगळं गोळा करायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. "आधी बुडं शोध. बुडावर नंबर आहेत. नऊ बुडं मिळाली म्हणजे नऊ मडकी होती, घरातच होती, कुणी विकली नाहीत. बाकीचं नंतर."

"काका, हे सरांच्या डोक्यात आलं नसतं," तो म्हणाला.

"सरांच्या डोक्यात आलं असतं तर त्यांनी पावती घेतली असती."

आम्ही दोघं हसलो. तुझ्या मागे पहिल्यांदा, आणि ते अशा ठिकाणी.

चार वाजता तीन नंबर सापडला. मग एक, मग नऊ. वर बसलेल्या आत्याबाईनं विचारलं, "ते नंबर काऊन पाह्यता?" प्रशांतनं तिला सांगितलं. कॉलेज, समिती, विकल्याचा संशय, सगळं. साध्या शब्दांत सांगितलं, आवाज न चढवता.

"म्हंजे ते त्याची नोती?"

"नाई आजी. कॉलेजची होती."

"मले काऊन नाई सांगितलं मंग कोनी?" ती म्हणाली. "मले वाटलं पोराचीच हायेत. त्याच्याच घरात होती, तोच पुसत होता."

मग ती उठली. ब्याऐंशी वर्षांची बाई काठी बाजूला ठेवून बसत बसत खाली उतरली. मी म्हटलं, पडशील. ती म्हणाली, "पडली तं पडली." आणि आमच्याबरोबर खापरं उलथून बघायला लागली. एकेक बूड उचलून ती डोळ्यांजवळ नेई, अंक तिला वाचता येत नाहीत, म्हणून माझ्यापुढे धरी. "हे हाय का?" अंधार पडेपर्यंत आठ बुडं झाली. सात नंबरचं नव्हतं.

जे सबंध होतं, ज्याला गिऱ्हाईक मिळालं असतं, तेच नव्हतं.

रविवारी सकाळी मी एकटा गेलो. वाळूची चाळणी घेऊन गेलो. मलबा उपसला, चाळला, पाण्यात हात घालून बघितलं. आठ नंबरचा काठ सापडला, दोन नंबरची झाकणी सापडली. सातचं एक खापरसुद्धा नाही. फुटलं असेल तर तुकडे असायला हवेत. फुटलं नसेल तर ते दिसायला हवं. माझ्या हिशेबात हे कुठेच बसेना. आणि दादा, खरं लिहितो, एका क्षणी माझ्या मनात तेच आलं जे तुझ्या त्या सहकाऱ्याच्या मनात होतं. एक क्षण. तुझं पुस्तक छापायला पैसे लागणार होते, हे मला माहीत होतं. मी तिथेच विटेवर बसलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि तुझ्याबद्दल असं वाटायला लावणाऱ्या सगळ्यांचा राग आला.

संध्याकाळी मी हात-पाय धुऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"भाऊजी, उद्या जाऊ नका शोधाले," त्या म्हणाल्या. "सात नंबरचं तिथं नाई."

"मग कुठे आहे?"

"तुमीच नेलं ते."

मला काही कळेना. त्या खाली बघूनच बोलत राहिल्या. "तिसऱ्या दिवशी अस्थीसाठी मडकं आनलं होतं ना दुकानातून, त्याले चीर होती. पानी टाकून पाह्यलं तं झिरपे. तुमी सारे बाहेर उभे. कोनाले पाठवू? मी कपाट उघडलं. बाकीची सारी चिकटवलेली, नदीपावतर टिकली नसती. हे एकच सबंध होतं. फडक्यात बांधलं अन् तुमाले देल्लं."

मला तो दिवस परत दिसला. स्मशानातली थंडी, शेजारच्यांनी वेचून दिलेल्या तुझ्या अस्थी, फडकं नुसतं तोंडाशी सोडलेलं. काळा काठ दिसला होता मला. मला वाटलं, राख लागली असेल. कापसाच्या गाठीवर शाईचा आकडा पुसट असला तर गाडी परत पाठवणारा मी, आणि मी ते मडकं दोन्ही हातांत धरून नदीपर्यंत नेलं, मांडीएवढ्या पाण्यात उभा राहिलो आणि सोडलं. ते तरंगलं नाही. काठाकडून पाणी आत शिरलं आणि ते सरळ खाली गेलं.

"वहिनी, ते कॉलेजचं होतं."

"आता समजलं," त्या म्हणाल्या. "तवा मले इतकंच वाटलं का ज्यानं सांभाळलं त्याच्यासंगं जाऊ दे."

"आणि दहाव्याला, आत्याबाई बाकीची नेत होती तेव्हा?"

"पाह्यत होती मी. बोलली नाई. तुमचे भाऊच तं म्हनत होते, घरचं मडकं मानसासंगं बाहेर जाते. मले वाटलं, असंच असते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "चूक झाली का माझी?"

मी म्हटलं, नाही. दुसरं काय म्हणणार होतो.

दादा, विटाळाची वस्तू कोण मांडून ठेवतो, या माझ्या प्रश्नाबद्दल आता तुला सांगतो. एकाच कपाटातलं एक मडकं तिसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर दिलं गेलं, पुसून, फडक्यात बांधून. आठ दहाव्या दिवशी विटाळ म्हणून फेकली गेली. देणारी आणि फेकणारी एकाच घरातल्या, आणि दोघींना आपण योग्य तेच करतो आहोत अशी खात्री होती. तुझ्या दगडांच्या वर्तुळातही असंच काही झालं असेल. मी याला पुरावा म्हणत नाही. एका घरावरून अडीच हजार वर्षांचं काही सिद्ध होत नाही, आणि तूच मला आधी तसं म्हणाला असतास. पण तू ऐकायला असतास तर लगेच कागद ओढला असतास, एवढं मला माहीत आहे. हे सांगायला आता कोणी नाही. प्रशांतला सांगितलं तर त्याला वहिनींचं सांगावं लागेल.

सोमवारी अकरा वाजता कॉलेजात गेलो. प्राचार्य, प्रशांत आणि तुझे ते सहकारी. टेबलावर आठ ट्रे, प्रत्येकात एक बूड आणि त्याची खापरं. मी घडलं ते सांगितलं. दहाव्याला घर धुताना घरातली मडकी रिवाजाप्रमाणे बाहेर गेली, त्यात ही गेली, नाल्यातून परत आणली, नंबर बघून घ्या. कोणी टाकली ते मी सांगितलं नाही आणि प्राचार्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या घरीही मडकी निघत असतील.

सहकाऱ्यांनी आठही बुडं उलटून पाहिली. मग म्हणाले, "आणि सात? जे सबंध होतं तेच नेमकं नाही?"

"ते माझ्या हातून गेलं," मी म्हटलं. "त्यात माझ्या भावाच्या अस्थी होत्या. मी ते नदीत सोडलं. परत मिळणार नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं ते काय आहे?"

"सोडलं तेव्हा नव्हतं. सोडणारा मीच होतो."

"कोणी पाहिलं?"

"शेजारचे चौघे होते. नावं देतो. लिहून घ्या."

त्यांनी नावं लिहून घेतली. खरंच लिहून घेतली. प्रशांत खिडकीबाहेर बघत होता. प्राचार्य म्हणाले की आठ वस्तू भग्न अवस्थेत जमा धराव्या, सात नंबरची निर्लेखित करावी, म्हणजे यादीतून काढावी, पण त्यासाठी तिची पुस्तकी किंमत वसूल करावी लागेल. डेड स्टॉकचं, म्हणजे कायम सामानाचं, रजिस्टर मागवलं. तिथे तुझं अक्षर होतं. किमतीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तू प्रत्येक मडक्यापुढे एकच आकडा लिहिला होतास. तो बघून सहकारी म्हणाले, "स्वस्तात सुटले."

मी पैसे भरायची चिठ्ठी घेतली. तू असतास तर बोलला असतास, आणि चांगलं बोलला असतास.

खाली खिडकीवर कॅशियर होता. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "काका, एवढ्यासाठी कायले पावती फाडता? ऱ्हाऊ द्या."

"फाडा."

"सरांच्या नावानं फाडू?"

"नाही. सरांच्या नावावर काही बाकी नाही. माझ्या नावानं."

त्यानं माझं नाव विचारलं, लिहिलं, शिक्का मारला. सात नंबरच्या मडक्यापोटी एक रुपया, रोख, कॉलेजच्या कॅशियरला दिला.